उठायची राहून गेलेली छावणी

डिसेंबरात उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचं वेळापत्रक ही एक सद्भावना असते, हे मला माहीत होतं. तरी पहाटे पाचला पोहोचणारी गाडी दुपारी पाऊणला पोहोचेल इतकी तयारी नव्हती. झाशीच्या अलीकडेच धुकं लागलं आणि मग गाडी शेतात उभी राहून विचार करायला लागली. खिडकीबाहेर फक्त पांढरं. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ दर अर्ध्या तासाने "बस, आ ही गया" म्हणायचे आणि पुन्हा रजईत जायचे. शेवटी मावशीचा फोन आला, "तू स्टेशनवर उतरली की तिथेच बसून राहा. काका निघून गेले आहेत."

मी क्षणभर गार. पुण्यात "काका निघून गेले" म्हटलं की पुढचा प्रश्न "कधी?" असतो, नाहीतर "कुणाशी भांडण झालं?" पण मावशीचं मराठी गेली पन्नासहून जास्त वर्षं ग्वाल्हेरच्या पाण्यावर वाढलेलं आहे. काका मला घ्यायला घरून निघाले होते, एवढंच तिला सांगायचं होतं. तिच्याकडे दूध नासत नाही, फाटून जातं. नळाला पाणी येत नाही, नळ येऊन जातो. ती मूळची साताऱ्याची. १९६८ साली लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासरचं मराठी ऐकून तिला रडू आलं होतं म्हणे. आता तेच मराठी ती माझ्याशी बोलते आणि रडू मला येतं, हसून हसून.

काका मफलरीत गुंडाळलेले उभे होते. वय ब्याऐंशी. एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापाल कार्यालयातून, निवृत्त होऊन दोन तपं झाली, तरी रिक्षावाल्याशी ठरवलेले पैसे त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून ठेवले. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "निंबालकर की गोठ से निकल लो, बाड़े पर जाम है."

गोठ. मी हा शब्द पूर्वीही ऐकला असणार, पण कान तेव्हा जागा नव्हता. या वेळी मी विचारलं, "काका, गोठ म्हणजे? गोठा?"

"गोठा कसला! गोट. आपला गोट, सरदाराचा तळ. निंबाळकरांचा गोट, चिटणिसांचा गोट. हिंदीत जाऊन त्याचं गोठ होऊन गेलं."

ज्याला लष्कर म्हणतात तो ग्वाल्हेरचा भाग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला. तळ म्हणजे तंबू, राहुट्या, घोड्यांचे पागे, बाजारबुणगे. काही महिन्यांनी उठायचं असतं. हा तळ उठलाच नाही. तंबूच्या जागी भिंत आली, भिंतीवर माडी आली, माडीला दगडी जाळी आली, आणि शहराचं नाव मात्र लष्करच राहिलं. आत कोणत्या सरदाराची माणसं कुठे उतरली होती, त्याचा नकाशा म्हणजे आजची मोहल्ल्यांची नावं. शिंदे की छावणी, फालका बाजार, पाटणकर बाजार, बाळाबाई का बाजार. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, म्हणून एका भागाचं नाव कंपूच. आपल्याकडे आता वर्तमानपत्रात तेवढे गोट आणि कंपू उरलेत. विरोधकांच्या गोटात खळबळ, अमुक कंपूचा तमुकला पाठिंबा. इथे गोटात माणसं राहतात, भाजी घेतात, आणि गोट म्हणजे काय हे रिक्षावाल्याला ठाऊक नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

साताऱ्यात रामाचा गोट आहे. मावशीचं माहेर तिथून दोन गल्ल्यांवर. हे तिला सांगितलं तर ती पोळी उलटता उलटता थांबली. "अगं बाई, म्हणजे मी गोटातून निघून गोटातच आले?"

घर जुनं आहे. तीन चौकांचं होतं, आता दीड उरला. काकांचे पणजोबांचे पणजोबा दौलतरावांच्या दफ्तरात कारकून. काका हे फार आवडीने सांगतात, कारण आसपासच्या प्रत्येक मराठी घरात पूर्वज घोड्यावर बसूनच आलेला असतो. "आमचे बैलगाडीतून आले. कमरेला बोरू. लढाई कोणीही करेल, पगारपत्रक कोण करणार?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला राजवाडा दाखवायला नेलं, कारण पाहुण्याला राजवाडा दाखवायचा असतो. जयविलास १८७४ साली जयाजीरावांनी मायकेल फिलोज या स्थापत्यकाराकडून बांधून घेतला. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. छत तोलेल की नाही हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट तिथे प्रत्येक गाइड सांगतो; हत्तींची संख्या ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे. जेवणाच्या टेबलावरून चालणारी चांदीची आगगाडी आहे. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर, मिळून शिंद्यांचं नाव. पाहुण्याने डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबायची. पाहून झालं. मला राजवाड्यांत लवकर थकवा येतो; इतकं सगळं चकाकत असलं की डोळा कुठेच टेकत नाही. काका तर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. "मी बघून चुकलो आहे," म्हणाले. पासष्ट वर्षांपूर्वी.

किल्ल्याचं तसं झालं नाही. तिथे आम्हाला अख्खा दिवस लागला, आणि त्यातला मोठा भाग एका आकड्यापुढे गेला.

लोक बहुधा उरवाईच्या बाजूने गाडीने वर जातात, कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या उंचच उंच मूर्तींच्या बाजूने. बाबराने त्या फोडायला सांगितल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. आम्ही पूर्वेच्या चढाने, गुजरी महालाकडून पायी गेलो. ब्याऐंशीच्या माणसाला हा चढ नको असं मी दोनदा म्हटलं, तर काका माझ्या पुढे. अर्ध्या वाटेवर, दरवाज्यांच्या मध्ये, एका अखंड खडकात खोदलेलं चतुर्भुज मंदिर आहे. इतकं लहान की वर मानमंदिर राजवाड्याच्या ओढीने निघालेली माणसं त्याच्यासमोरून पाण्याची बाटली तोंडाला लावून निघून जातात. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक शाळेची सहल गेली. गुरुजींनी काठीने दिशा दाखवली ती वरची.

आत, गाभाऱ्याच्या भिंतीवर शिलालेख. विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. प्रतिहार राजा भोजाच्या काळातला. किल्ल्याचा अधिकारी अल्ल याने हे देऊळ बांधलं, आणि देवाच्या फुलांसाठी एका बागेची सोय झाली. बागेचं माप दिलंय: २७० हात लांब, १८७ हात रुंद. शिवाय देवाला रोज ५० माळा. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी दोन शून्यं या हिशेबात आहेत, एक बागेच्या लांबीत आणि एक माळांच्या संख्येत.

काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोट भिंतीपासून बोटभर अंतरावर धरलं. आधी मला काहीच दिसेना, नुसत्या ओळी. मग एकदम दिसलं. दोन आणि सात आपल्या देवनागरीतल्यासारखेच, ओळखीचे, कुणी मराठी शाळेतल्या पोराने काढलेत असे. त्यांच्यापुढे शून्य, पण शेजारच्या आकड्यांहून बारीक. नुसतं एक छोटं वर्तुळ, जणू कोरणाऱ्याला वाटलं असावं, याला कशाला एवढी जागा.

"चौतीस वर्षं आकडे तपासले," काका म्हणाले. "लोकांनी शून्य खाल्लेली पाहिली, वाढवलेली पाहिली. हे बघ. माळ्याने चोरी करू नये म्हणून लिहिलेलं आहे हे. रोजच्या पन्नास. महिन्याच्या पंधराशे. एक माळ कमी आली तर पुजारी येऊन दाखवणार, बाबा, भिंतीवर काय आहे?"

मला तोवर शून्य म्हटलं की ऋषी, आकाश, पोकळी असलं काहीतरी आठवायचं. काकांनी ते दोन मिनिटांत फुलबागेच्या हजेरीपटावर आणून बसवलं. मला ते जास्त पटलं. शून्य तिथे जगाला चकित करायला आलेलं नाही. ते रोजच्या वापरातलं झालंय, इतकं की कोरणाऱ्याने त्याला लहान काढलं.

वर मानमंदिर आहे, राजा मानसिंग तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीला, सोळाव्याच्या सुरुवातीला बांधलेलं. त्याच्या भिंतीवरची निळी टाइल्सची पट्टी मी नंतर कितीतरी वेळ पाहत बसले. त्यात पिवळ्या बदकांची रांग आहे. किल्ल्यासारख्या किल्ल्यावर, तोफांच्या तोंडावर, बदकं! हत्ती, मोर, केळीची झाडंही आहेत, पण बदकांची ऐट वेगळी. आणि त्याच वाड्याखालच्या तळघरांत मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाने आपल्या भावाला, मुरादला, १६६१ साली याच किल्ल्यावर मारवलं. तळघरात उतरताना गाइड वटवाघळांचा वास आणि राजपुत्रांच्या गोष्टी एकाच उत्साहाने समजावत होता. मी लवकर वर आले. सास-बहूचं देऊळ (मूळचं सहस्रबाहू, १०९३ सालचं) आणि तेलीचं मंदिर उन्हं उतरताना पाहिलं. दोन्ही सुंदर, पण तोवर पायांनी मत द्यायला सुरुवात केली होती.

उतरताना काका म्हणाले, "हा किल्ला कसा परत मिळाला माहीत आहे?"

ही गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जरा हळू आवाजात सांगतात. जून १८५८मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीराव आग्र्याला इंग्रजांकडे गेले. काही दिवसांतच राणी इथे लढताना पडली. फूलबागेजवळ तिची समाधी आहे. बंड मोडल्यावर इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आपल्याच ताब्यात ठेवला, आणि झाशी शहर दिलं कोणाला? शिंद्यांना. पुढे १८८६मध्ये अदलाबदल झाली: झाशी इंग्रजांकडे, ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे. जिच्यासाठी राणीने प्राण दिले ती झाशी शेवटी एका फेरफाराच्या नोंदीत जमाखर्च होऊन गेली.

"मग तुमच्या घरात काय म्हणायचे? राणीच्या बाजूने की महाराजांच्या?"

काका बरेच पावलं गप्प. मग म्हणाले, "आमची आजी समाधीला नमस्कार करून यायची. आणि आजोबांचा पगार महालातून यायचा. दोन्ही त्याच घरात."

पुण्याहून येणारी मंडळी इथे एकतर अभिमान घेऊन येतात किंवा जाब विचारायला. मी दोन्ही केलेलं आहे, तरुणपणी, आणि काकांनी दोन्ही वेळा मला बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, खाऊ घातली होती. सकाळी दौलतगंजाच्या बाजूला गरम बेडई आणि बटाट्याची तिखट पातळ भाजी मिळते. ती तोंडात असताना इतिहासावर बोलता येत नाही.

पण मी खरी आले होते ती मावशीसाठी. तानसेन समारोहाला तिच्याबरोबर बसायचं, असं आमचं कितीतरी वर्षं चाललं होतं. तिने इकडे आल्यावर माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकलं. भातखंड्यांनी १९१८मध्ये इथे सुरू केलेली संस्था. सून गाणं शिकायला जाते यावर सासऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की परत येताना भाजी आणावी. आता तिचा आवाज गेलाय. श्वास पुरत नाही. स्वयंपाक करताना ती गुणगुणते तेव्हा वरचा षड्ज नुसता दाखवते, लावत नाही.

ग्वाल्हेरला ख्यालाच्या घराण्यांची गंगोत्री म्हणतात. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ शिंद्यांच्या दरबारी होते. दरबारात बडे महंमद खाँ गायचे. या पोरांनी पडद्याआड बसून त्यांची तान उचलली, असं सांगतात. मग ती विद्या मराठी घरांत आली. इथल्या पंडित घराण्यात शंकरराव आणि त्यांचे चिरंजीव कृष्णराव झाले. कोल्हापूरकडचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पायपीट करत उत्तरेत आले, वासुदेवबुवा जोशींकडे राहून शिकले आणि हे गाणं घेऊन दक्षिण महाराष्ट्रात परतले. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, आणि त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज पुण्यातल्या कुठल्याशा गल्लीत संध्याकाळी एखादी मुलगी यमन घोटते, तिच्या मागे कुठेतरी ही पायपीट आहे. शिंद्यांचा तळ हलला नाही. पण त्यातलं गाणं उठून गेलं. ते नेणाऱ्यांना कसली फौज लागली नाही. लागले ते पाय, आणि घरी ठेवून घेणारा गुरू.

समारोहाच्या पहिल्या सकाळी थंडी अशी की मावशीने शालीवर शाल, त्यावर काकांचा कोट. थर्मास, गजक, आणि मांडीखाली घ्यायला दुमडलेली सतरंजी. हजीरा भागात सूफी संत महंमद गौस यांची मोठी कबर आहे, चहूबाजूंनी दगडी जाळ्या. एकेक जाळी वेगळ्या नक्षीची. थंडीत धुक्याचा उजेड त्यातून गाळून आत येत होता. तिच्या शेजारी उघड्या चौथऱ्यावर तानसेनाची कबर, अगदी साधी, खांबांवर छत एवढंच. १९२४मध्ये त्याच्या उरुसाला शिंद्यांनी जो राजाश्रय दिला त्याचा हा समारोह झालाय.

संध्याकाळच्या सभांना मोठी नावं येतात, खुर्च्या भरतात, कॅमेरे असतात. सकाळी फारसं कोणी नसतं. आधी सनई झाली. मग ढोलीबुवा उभे राहिले. ढोलीबुवांचा मठ लष्करातला, नाथपंथी, कीर्तनाची पिढ्यान्‌पिढ्यांची गादी. तानसेनाच्या कबरीपुढे हरिकथा. मी महाराष्ट्रात पुष्कळ कीर्तनं ऐकलीत. इथली भाषा हिंदी आहे, पण उभं राहण्याची ढब, बोलता बोलता गाण्यात शिरणं, हे सगळं ओळखीचं. जणू लहानपणच्या देवळातला माणूस परगावी भेटावा आणि त्याने परक्या भाषेत हाक मारावी. कथा संपली आणि त्याच जागी मौलवींनी मीलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, सुरू केला. मध्ये निवेदकाने काही मोठं वाक्य बोलून दोन्ही जोडायचा प्रयत्न केला नाही, याचं मला फार बरं वाटलं. एक बसले, दुसरे उभे राहिले. कबरीवर चादर चढली. मावशीने दोन्ही वेळा पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही वेळा थर्मासचं झाकण पडू नये म्हणून गुडघ्याने दाबून धरलं.

"दरवर्षी येतेस?"

"एक साल चुकलं. यांचं ऑपरेशन होतं तेव्हा. त्या वर्षी थंडी पण नाही लागली मला."

तानसेनाच्या कबरीशी चिंच आहे. तिची पानं चावली की गळा सुरेल होतो, म्हणून शेकडो वर्षं गवयांनी ती ओरबाडली. मूळचं झाड केव्हाच गेलं. आहे ते नंतरचं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं, पाय उंच करून एक डहाळी खुडली, आणि शाळेतल्या मुलीसारखी पटकन मुठीत लपवली. चार-पाच पानं तिने माझ्या पाकिटात, तिकिटाच्या घडीत घातली. माझ्या नणंदेची नात पुण्यात गाणं शिकते, नऊ वर्षांची, बाई मिरजेच्या आणि शिकवणी स्क्रीनवर. तिच्यासाठी.

"तू पण खा ना," मी म्हटलं.

"माझं झालं खाऊन. साठ वर्षांपूर्वीचं पचवून राहिले अजून."

पुण्याला पोहोचेपर्यंत पानांची पावडर झाली होती. पाकिटातून ती झटकून मी वाटीत काढली. पोरीने चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "याला काही चवच नाहीये."

मी मावशीला फोन करून सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी, मग तिचा आवाज, "मग ताजी नको का खायला? तिलाच घेऊन येऊन जा."